सळ्या दोन, हात एकाचेच

जमिनीत पुरलेली वस्तू शोधताना हातात एक सळी घ्यावी की दोन, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. सळ्या धरणाऱ्यांत मात्र त्यावरून सरळ दोन तट आहेत. सामान तसं साधंच. पितळेची किंवा तांब्याची तीन-चार मिलिमीटर जाड तार घ्यायची, काटकोनात वाकवायची, बारा-पंधरा सेंटिमीटरची आखूड बाजू मुठीत धरायची आणि चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरची लांब बाजू समोर मोकळी सोडायची. दोनवाले दोन्ही मुठींत एकेक सळी धरून सावकाश चालतात. सळ्यांची फुली पडेल तिथे खणायचं. एकवाले जागेवर उभे राहून सळी कुठे वळते ते पाहतात, मग दहा-वीस पावलं बाजूला सरकून पुन्हा पाहतात आणि दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खूण करतात. आपल्याकडे हातात बेचक्याची काटकी किंवा तळहातावर नारळ घेऊन शेतात फिरणारा पाणाड्या याच कुळातला, फक्त त्याला पाणी हवं असतं. इथे विषय पुरलेल्या वस्तूंचा आहे: नाणी, नळ, तारा, सुरुंग. पाणी आणि वस्तू यांतला हा फरक पुढे कामाला येणार आहे.

खालचा संवाद रचलेला आहे. त्यातले काका कुणी एक गृहस्थ नव्हेत. सळीच्या बाजूने जे जे भक्कम बोललं जातं ते त्यांच्या तोंडी घातलं आहे, कारण लेचापेचा प्रतिपक्षी उभा करून त्याला चीत करण्यात काही हशील नसतं.

काका : मी दोनवाला. का, ते सांगतो, पटतंय का बघ. एक सळी वळली तर ती वाऱ्याने वळली, पाय अडखळला म्हणून वळली की खाली खरंच काही आहे म्हणून, हे ओळखायचं कसं? दोन असल्या की ती अडचण सुटते. वारा आला तर दोन्ही एकाच बाजूला जातील. फुली पडायची तर डावीने उजवीकडे यायला हवं आणि उजवीने डावीकडे, तेही एकाच वेळी. ते काही आपोआप घडत नाही. म्हणजे एका सळीचं खरं-खोटं दुसरी करते. एकट्या सळीवर विसंबणारे आमच्यातले आळशी लोक, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी : वाऱ्यापुरतं तुमचं म्हणणं बिनतोड आहे, काका. पण सळी मुळात कशाने वळते ते आधी पाहू. आखूड बाजू मुठीत उभी असते आणि लांब बाजू तिच्याभोवती आडवी फिरते. दाराच्या बिजागऱ्या ओळंब्यात बसल्या नसल्या की दार कुणी हात न लावता उघडतं किंवा मिटतं. सळीचं गणित नेमकं तेच आहे. आखूड बाजू अगदी ओळंब्यात असेल तर सळीला थांबायला ठरावीक जागाच नसते, ती कुठेही भरकटते. म्हणून तर तुम्ही नवशिक्यांना सांगता की टोक किंचित खाली ठेवा. तसं ठेवलं की ती समोर स्थिर राहते. समजा टोक दोन अंशांनी खाली आहे आणि आता मनगट बाजूला दोन अंशांनी कललं. तर सळी दोन अंश वळत नाही, ४५ अंश वळून थांबते, कारण तिची थांबायची जागा पुढचा कल आणि बाजूचा कल यांच्या प्रमाणावर ठरते. बारा सेंटिमीटरच्या मुठीवर दोन अंशांचा कल म्हणजे वरच्या टोकाला चार मिलिमीटर. फुलीला तर एवढंही लागत नाही. दोन मुठींत वीस सेंटिमीटर अंतर आणि सळ्या चाळीस सेंटिमीटरच्या असतील, तर प्रत्येकी साधारण पंधरा अंश आत आल्या की टोकांना टोकं भिडतात. त्यासाठी प्रत्येक मनगट अर्धा अंश आत कललं तरी पुरे, म्हणजे मुठीच्या वरच्या टोकाला जेमतेम एक मिलिमीटर. चालता चालता थबकलो, श्वास सोडला, कोपरं अंगाशी आली, की एवढी हालचाल होऊन जाते आणि धरणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही. टोकं जितकी समपातळीत तितकी सळी ‘तरबेज’ असं तुमच्यात म्हणतात ना, त्याचं कारण हेच. पुढचा कल कमी केला की बाजूचा तेवढाच कल तिला आणखी दूर फेकतो.

काका : ही शंका काही आजची नाही. म्हणून तर मी सळी थेट मुठीत धरत नाही. तांब्याची नळी मुठीत आणि सळी नळीत. माझं बोटसुद्धा तिला लागत नाही. मग ती मी फिरवली कशी?

मी : नळीमुळे बोटांचा पीळ सळीपर्यंत पोचत नाही, हे खरं. मुठीचा कल मात्र पोचतो, कारण नळीच मुठीबरोबर कलते. उलट नळीने घर्षण कमी होतं, म्हणून तीच एक मिलिमीटरची हालचाल सळी जास्त सहज दाखवते. तुम्ही मुद्दाम हलवता असं मी म्हणत नाही. मिशेल शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला होता. दोऱ्याला बांधलेला लंबक पाऱ्यावर धरला की तो झुलायला लागतो, असा त्या काळी बोलबाला होता. शेव्हरलने धरला तर खरोखरच झुलला. मधे काचेची तावदानी आडवी घातली तर थांबला. म्हणजे पाऱ्याचा प्रभाव काचेने अडवला, असं कुणालाही वाटलं असतं. मग त्याने हाताला खालून आधार दिला, तेव्हा झोका कमी झाला. शेवटी डोळे बांधले आणि काच कधी घातली, कधी काढली हे त्याला कळू दिलं नाही, तेव्हा काचेचा काही परिणामच उरला नाही. १८३३ मध्ये त्याने हे आँपेअरला लिहिलेल्या जाहीर पत्रातून मांडलं आणि १८५४ मध्ये सळी, लंबक आणि फिरती टेबलं यांवर पुस्तकच लिहिलं. मधल्या काळात, १८५२ मध्ये, विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने मनातली अपेक्षा नकळत स्नायूंत उतरते या क्रियेला शास्त्रीय नाव दिलं. शेव्हरलचं मोठेपण कशात, तर झुलणारा लंबक त्याच्याच हातात होता. दुसऱ्याला खोटं ठरवायला तो निघाला नव्हता. आपल्याच हाताचा त्याने पिच्छा पुरवला.

काका : धरून चालू की हात नकळत हलतो. तरी माझा मुद्दा उभाच आहे. हलला तर एक हात हलेल. दोन्ही हात, उलट दिशांना, सारखेच हलावेत, हा योगायोग किती वेळा होणार?

मी : दोन हात दोन माणसांचे असते तर तो योगायोग म्हटला असता. इथे दोन्ही मनगटं एकाच मेंदूच्या हुकमात आहेत आणि फुली म्हणजे ‘सापडलं’ हे त्या मेंदूला ठाऊक आहे. दोन्ही हात एकदम आत घेणं ही तर शरीराची सर्वांत सोपी हालचाल. खरी कसरत एक आत आणि एक बाहेर नेण्यात आहे. त्यामुळे दोन सळ्यांची साक्ष ही एकाच साक्षीदाराची दोनदा नोंदवलेली जबानी झाली. एकवाले आणि दोनवाले यांचं सगळं भांडण मला इथेच चुकलेलं दिसतं: सळ्यांची संख्या वाढली म्हणून पुरावा वाढत नाही. दुसरी सळी खरोखरच पुराव्यासाठी हवी असेल तर ती दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. एकाला सकाळी त्या पटांगणात फिरवा, दुसऱ्याला दुपारी, आणि पहिल्याची खूण दुसऱ्याला दिसू देऊ नका. दहा जागा असतील आणि वस्तू एकीत असेल, तर नुसत्या अंदाजाने दोघांचंही बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक. दोघे वारंवार त्याच योग्य जागी थांबले तर मग ‘दोन सळ्या’ या शब्दांना वजन येईल. आज दोनवाले ज्याला पडताळा म्हणतात त्यात असं वजन नाही.

काका : म्हणजे तू एकवाल्यांच्या बाजूने बोलतोयस की काय? त्यांचंही ऐकून घे मग. एकाच हातात सळी म्हणजे दुसरा हात मोकळा. त्या हातात नमुना धरायचा: सोनं शोधायचं तर सोन्याचा मणी, तांबं शोधायचं तर तांब्याचा तुकडा. सळी त्या जातीच्या वस्तूकडे वळते. दोनवाल्याला अख्खं रान पालथं घालावं लागतं. एकवाला बांधावर उभा राहून दिशा सांगतो. वेळ वाचतो, पाय वाचतात.

मी : तुम्ही दोनवाले असूनही त्यांची वकिली चांगली केलीत. नमुन्याची कल्पना जुनीच आहे. १५५६ मध्ये छापलेल्या खाणविद्येवरच्या ग्रंथात अॅग्रिकोलाने जर्मन खाणकामगारांच्या रीती टिपल्या आहेत. चांदीला हेझलची काटकी, तांब्याला अॅशची, शिसं आणि कथलाला पाइनची, सोन्याला लोखंडी किंवा पोलादी दांडी. म्हणजे साधन कुठलं घ्यावं हा वाद पावणेपाचशे वर्षांचा झाला, आणि त्यातला कुठलाच पक्ष जिंकला नाही, हेही काही सांगून जातं. खुद्द अॅग्रिकोलाचं मत असं की जाणत्या खाणकामगाराला काटकीची गरज नाही. त्याने जमिनीवरच्या नैसर्गिक खुणा वाचाव्यात. आता एकट्या सळीकडे येऊ. मला ती दोन सळ्यांहून घातक वाटते, आणि ते दिशा दाखवण्याच्या तिच्या गुणामुळेच. फुली एक तर पडते किंवा पडत नाही. दोनवाल्याला निदान ‘इथे काही नाही’ असं म्हणण्याची सोय आहे. मोकळी फिरणारी एकटी सळी मात्र कायम कुठे ना कुठे रोखलेली असतेच. तिच्या टोकासमोर ओळीत काही ना काही येणारच, आणि आलेलं चुकीचं निघालं तर ‘आणखी पुढे असेल’ म्हणायला मोकळं रान आहे.

याचा सर्वांत भयंकर दाखला बगदादचा. जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटिश माणसाने ‘एडीई ६५१’ नावाचं उपकरण विकलं. पिस्तुलासारखी मूठ आणि तिच्यावर मोकळी फिरणारी एक अँटेना. आत बॅटरी नाही, कामाचं सर्किट नाही. स्फोटकाच्या नमुन्याऐवजी त्यात कार्ड सरकवायचं, म्हणजे तुमच्या एकवाल्यांचा मोकळा हात आता यंत्रातच घातला. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायचं म्हणून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या वीसेक डॉलरच्या एका खेळण्यावरून ही कल्पना उचललेली होती, आणि एकेक नग हजारो डॉलरना विकला गेला. इराकच्या नाक्यानाक्यांवर शिपाई हे हातात धरून गाड्यांजवळून चालायचे आणि अँटेना वळली तर गाडी अडवायचे. २५ ऑक्टोबर २००९ ला बगदादमध्ये सरकारी इमारतींसमोर स्फोटकांनी भरलेल्या गाड्या उडाल्या आणि दीडशेहून अधिक माणसं मेली. शहरभर नाके असताना तो दारूगोळा आत आला होता. मॅककॉर्मिकला लंडनच्या न्यायालयाने २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली. तरीही ती उपकरणं इराकच्या नाक्यांवर टिकून होती. जुलै २०१६ मध्ये करादा भागात मोठा स्फोट झाला तेव्हा कुठे पंतप्रधानांनी ती काढून घ्यायला सांगितलं. त्याच जातीचं ‘जीटी २००’ थायलंडच्या सैन्याने घेतलं होतं. तिथे २०१० मध्ये सरकारने चाचणी लावली. चार डब्यांपैकी एकात स्फोटक, कुठल्या ते चालवणाऱ्याला ठाऊक नाही, अशा वीस फेऱ्या. चार वेळा बरोबर आलं. डोळे मिटून डबा निवडला असता तरी सरासरीने पाच वेळा बरोबर आलं असतं.

काका : थांब, थांब. ती शुद्ध भामटेगिरी. गुन्हेगाराचं पाप आमच्या माथी मारू नकोस. मी कुणाला काही विकत नाही. माझी तार भंगारातली, चार पैशांची. चुकलं तर माझा खड्डा वाया गेला, कुणाचं काय बिघडलं?

मी : विकणारा भामटा होता, हे न्यायालयानेच ठरवलं. पण नाक्यावरचा शिपाई भामटा नव्हता, काका. तो तुमच्याइतकाच प्रामाणिक होता आणि त्याच्या हातात अँटेना खरोखर वळत होती. संशयास्पद वाटणाऱ्या गाडीजवळ जास्त वळत असणार, तसं तर व्हायलाच हवं, कारण संशय त्याच्या मनगटात होता. विक्रेत्याचा खोटेपणा वजा केला तरी उपकरण जिथल्या तिथे राहतं, आणि ते म्हणजे मुठीत मोकळी फिरणारी एक सळी. म्हणून माझं उत्तर तुम्हाला उलटं वाटेल: कुणाला सळी धरायचीच असेल तर त्याने दोन धराव्यात. दोन सळ्या जास्त शोधतात म्हणून नाही. त्या पायाखालच्या जागेवर बोट ठेवतात, म्हणून चूक खड्डाभर मातीत उघडी पडते. एकट्या सळीची चूक कधी पकडलीच जात नाही. दोन साधनांपैकी एक निवडताना, दोन्हींचा गुण सिद्ध नसेल, तर ज्याचं पितळ लवकर उघडं पडेल ते निवडावं. हातात पितळच असल्यामुळे म्हणतो.

काका : कोटी बरी आहे. पण तू मुळातच गुण सिद्ध नाही म्हणतोस, ते मला मान्य नाही. इंग्लंडमधल्या पाणीपुरवठा कंपन्यांचे लोक आजही सळ्या घेऊन नळ शोधतात, हे छापून आलंय. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकी मरीन वाकवलेल्या तारा घेऊन भुयारं शोधत होते. हे काय अडाणी लोक आहेत?

मी : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २०१७ मध्ये विचारणा झाली तेव्हा ब्रिटनमधल्या बारापैकी दहा कंपन्यांनी आपले काही कर्मचारी सळ्या वापरतात असं सांगितलं, आणि लगोलग, हे आमचं अधिकृत तंत्र नव्हे, अशी पुस्तीही जोडली. वीस वर्षं नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला रस्त्यावर काय काय दिसतं ते आठवा. व्हॉल्व्हचं झाकण कुठे आहे, जुन्या चरावरचं डांबर कुठे वेगळ्या रंगाचं आहे, गवत कुठे जास्त हिरवं आहे, घरांच्या जोडण्या कुठल्या बाजूने येतात. नळ रस्त्याच्या समांतर असणार हेही त्याला ठाऊक असतं. हे सगळं बघून झालेला अंदाज त्याच्या मनगटात उतरतो आणि सळीला शाबासकी मिळते. हे ज्ञान खोटं नाही, फार मोलाचं आहे. फक्त ते तारेत नसतं. पाण्याच्या बाबतीत तर सळीला आणखी एक आयतं पाठबळ मिळतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९१७ मध्येच सळीच्या इतिहासावर पुस्तिका काढली आणि यापुढे यावर सरकारी पैसा घालवणं व्यर्थ आहे असं म्हटलं. बऱ्याच प्रदेशांत कुठेही खोल गेलं तरी थोडंफार पाणी लागतंच, हे त्या संस्थेचं आजचंही स्पष्टीकरण आहे. आपल्या बेसाल्टच्या खडकात ते इतकं सरसकट लागत नाही, पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत असतं, म्हणून तर इथल्या कोरड्या बोअरच्या कहाण्या संपत नाहीत; तरी एखादी बोअर लागली की गावभर तीच ऐकू येते. पुरलेल्या वस्तूला असं पाठबळ नाही. शेतात कुठेही खणलं तर नाणं निघत नाही. म्हणून सळीची खरी परीक्षा पाण्यापेक्षा वस्तूंवर चांगली होते. आणि ती झालेली आहे, तीही ज्यांना सुरुंग सापडणं हा जिवाचा प्रश्न होता त्यांच्याकडून. ब्रिटिश लष्कर आणि संरक्षण मंत्रालय यांनी पुरलेले सुरुंग सळीवाल्यांकडून शोधून घेण्याचे प्रयोग केले. १९७१ मध्ये फोक्स यांनी ‘नेचर’मध्ये त्यांचे निकाल छापले: अंदाजाने ठोकून दिलेल्या उत्तरांहून सळीचं उत्तर अधिक भरवशाचं नाही.

काका : इंग्रजांनी नापास केलं, पण जर्मनांनी पास केलं ना! म्युनिकजवळच्या प्रयोगाबद्दल तू मुद्दाम बोलत नाहीयेस. तिथल्या प्राध्यापकांनी काही सळीवाल्यांत खरं कौशल्य आहे असं लिहून दिलं.

मी : बरं झालं काढलंत. १९८७-८८ मध्ये सरकारी पैशातून म्युनिकजवळ एका धान्याच्या कोठारात हा प्रयोग झाला. खालच्या मजल्यावर गाडीवर पाण्याचा नळ ठेवून तो दहा मीटरच्या रेषेवर कुठेही सरकवायचा आणि वरच्या मजल्यावर सळीवाल्याने तो कुठे आहे ते सांगायचं. पाचशेच्या आसपास लोकांतून ४३ निवडले आणि त्यांच्या ८४३ फेऱ्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांनी स्वतःच कबूल केलं की बहुतेकांना काही जमलं नाही. सहा जणांचं कौशल्य मात्र खरं आहे असा त्यांचा दावा. मग जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे घेऊन बसून पाहिलं. एका मालिकेत चमकलेला माणूस पुढच्या मालिकेत साफ पडत होता. सगळ्यांत तरबेज ठरलेल्याने प्रत्येक वेळी दहा मीटरच्या रेषेचा मध्यबिंदू ठोकून दिला असता, तर त्याला जे जमलं त्याहून सरासरीने फक्त चार मिलिमीटरचा फरक पडला असता. चार मिलिमीटर, काका. त्रेचाळीस जणांत पाच-सहा नेहमीच वर येणार. लॉटरीची तिकिटं वाटली तरी येतात. निकाल लागल्यावर निवडलेला हुशार आणि निकालाआधी नाव सांगितलेला हुशार, यांत सगळं अंतर आहे. कासेल इथे झालेल्या दुसऱ्या जर्मन चाचणीत हीच पळवाट बंद केली होती. अर्धा मीटर खोल पुरलेले प्लास्टिकचे नळ, त्यांची जागा वर रंगीत पट्ट्यांनी दाखवलेली, प्रश्न एवढाच की आत्ता पाणी वाहतंय की नाही. तिसेक सळीवाल्यांनी चाचणी न्याय्य आहे अशी सही आधी दिली आणि शंभर टक्के यशाची खात्रीही दिली. निकाल छापा-काट्याइतकाच.

काका : माणसाला परीक्षेला बसवलं की त्याची विद्या बुजते, ते जाऊ दे. तुमची यंत्रं तरी कुठे मोठी खरी? २०१३ मध्ये उन्नाव जिल्ह्यात डौंडिया खेड्याला सोन्यासाठी किल्ल्यात खोदलं, ते सरकारी यंत्राने खाली काहीतरी आहे असं सांगितल्यावरच ना? निघालं काय? माती!

मी : दाखला चपखल आहे, आणि तो माझ्या बाजूचा आहे. आधी एका साधूला हजार टन सोन्याचं स्वप्न पडलं. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पाहणीत जमिनीखाली काहीतरी वेगळेपण दिसलं. वेगळेपण दाखवणं हेच त्या यंत्राचं काम. त्याला सोनं म्हणायची घाई आधीच्या स्वप्नाने करवली. म्हणजे इथेही मनातली अपेक्षाच वाचनात उतरली, मुठीऐवजी अहवालात. फरक पुढचा आहे. पुरातत्त्व खात्याने खोदलं, जुन्या वस्तीचे अवशेष निघाले, सोनं निघालं नाही, आणि महिन्याभरात काम आटोपलं. यंत्राचं वाचन कशाने चुकतं हे सांगता येतं. मातीतला ओलावा, खडक, जुनी भिंत. धातूशोधक यंत्राने खिळ्याला नाणं म्हटलं तर का म्हटलं ते समजतं, आणि पुढच्या वेळी सुधारतं. सळी चुकली तर कारण म्हणून मन लागत नव्हतं, कुणी शंकेखोर जवळ उभा होता, याच्यापुढे काही हाती येत नाही. परीक्षेत विद्या बुजते म्हणालात, तेही त्यातलंच. विद्या बुजणार असेल तर कासेलला आधी सही करताना ती का बुजली नाही?

काका : ठीक. मग तूच सांग, मी काय करू म्हणजे तुझं समाधान होईल? आणि एक की दोन, याचा निकालही लागला पाहिजे. मला ते एकवाले छळतात.

मी : दोन्ही एकाच पटांगणात होईल. ओळीने दहा खड्डे, प्रत्येकावर फळी, फळीवर पाटीभर माती, म्हणजे वरून सगळे सारखे. आधी नाणं कुठल्या खड्ड्यात आहे ते तुम्हाला दाखवून सळी चालवायची, म्हणजे जागा आणि दिवस तुम्हाला मानवतो की नाही ते तुम्हीच ठरवाल. मग खरी फेरी. एकाने दहा चिठ्ठ्यांतून एक उचलायची, नाणं त्या खड्ड्यात ठेवायचं, दहाही खड्ड्यांची माती उकरून पुन्हा पसरायची आणि नजरेआड जायचं. तुमच्याबरोबर जो थांबेल त्यालाही चिठ्ठी ठाऊक नसली पाहिजे, नाहीतर तुम्ही त्याचा चेहरा वाचाल, नकळत. अशा वीस फेऱ्या दोन सळ्यांनी आणि वीस एका सळीने, कुठल्या फेरीत काय हेही चिठ्ठीने. अंदाजाने वीसपैकी दोन बरोबर येतात. सात किंवा जास्त येणं चारशे वेळांत एकदा घडेल, म्हणून सातची रेघ आधीच आखू आणि नंतर ती हलवायची नाही. दोनवाल्या फेऱ्यांत सात आले आणि एकवाल्यांत दोन, तर तुमचा वाद तुम्ही जिंकलात आणि माझं वरचं सगळं बोलणं पुन्हा तपासावं लागेल. दोन्हींत दोन-तीन आले तर एकवाल्यांशी भांडायचं कारण उरलं नाही.

काका : सात जरा जास्त होतात. पाच कर.

मी : पाच तर नुसत्या नशिबाने शंभरात चार वेळा येतात. तेवढ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. सहावर उतरलो तर शंभरात एकदा. सहा चालतील, पण मग पास झालात तर पुन्हा वीस फेऱ्या करायच्या, दुसऱ्या दिवशी.

काका : सहा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. मान्य. नाणं मात्र जुनं, चांदीचं पाहिजे. हल्लीच्या नाण्यांना सळी लागत नाही.

मी : मग दाखवायच्या फेरीत ते आपोआप कळेल, हल्लीचं नाणं दिसत असताना फुली पडली तर ही अट निकालात निघाली. मी तर दहा रुपयांचंच पुरणार. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी जमिनीत सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहाला सूट आहे.